गच्चीवरची बाग : आधी मातीचे वजन करा

मलबार हिलच्या हँगिंग गार्डनमध्ये फिरताना आपण एका जलाशयाच्या छतावर चालत आहोत, याची अनेक मुंबईकरांना कल्पनाही नसते. छतावर हिरवळ फुलविणे आपल्याकडे नवे नाही. मात्र तोच कित्ता सोसायटीच्या गच्चीवर गिरविताना अडचण झाडांची येत नाही. येते ती मातीची, नेमके सांगायचे तर ओल्या मातीची.

भारतीय मानकानुसार (आयएस ८७५, भाग २) वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो भार गृहीत धरतात. हा भार माणसांच्या वावरासाठी असून मातीचे वजन त्यात धरलेले नसते. बागेतील साधी माती पावसात भिजल्यावर घनमीटरला १७०० ते १९०० किलो भरते. म्हणजे जेमतेम १० सेंटिमीटरचा थरदेखील चौरस मीटरला १७० किलोंच्या पुढे जातो. शिवाय जुन्या इमारतींवर गळती रोखण्यासाठी घातलेल्या विटांच्या कोब्याचे ओझे आधीपासून असतेच.

काळी माती तर गच्चीवर नेऊच नये. ती ओलाव्याने फुगते, उन्हाने भेगाळते आणि पाण्याचा निचरा अडवते. केवळ शेणखत वा कोकोपीट वापरावे, तर वजन घटते. पण सेंद्रिय भाग कुजत जाऊन थर दरवर्षी खचतो. कोकोपीट कोरडे असताना हलके असले, तरी स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरते, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत!

बाग केवळ गारव्यासाठी हवी असेल, तर ५ ते १५ सेंटिमीटरचा थर पुरतो. त्यात विटांचा चुरा, भाजून फुगविलेल्या मातीचे गोळे किंवा पर्लाइट असे खनिज द्रव्य अधिक आणि खत अगदी थोडे असावे. खत वाढले की तण माजते. जर्मनीत अशा छतांवर सेडम लावतात; आपल्याकडे ऑफिस टाइमसारखी मांसल पानांची रोपे तग धरतात.

भाजीपाल्याचे गणित निराळे. त्याला २० ते ३० सेंटिमीटर खोली आणि भरपूर खत लागते. येथे सलग थराऐवजी वाफे किंवा क्रेट वापरणे शहाणपणाचे. उसाची चिपाडे, पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याचे खत यांत भाजी उत्तम येते. खचलेली भर दर हंगामात घालावी लागते, एवढेच. मोठी झुडपे व लहान वृक्षांना अर्धा मीटर वा अधिक खोली हवी. त्यांचा विचार इमारतीच्या आराखड्यातच व्हावा; नंतर तो अट्टहास नको.

मातीखाली मुळे रोखणारा पडदा, निचऱ्याचा थर आणि माती वाहून जाऊ न देणारे गाळणी कापड हवेच. मुंबईत वर्षाचा दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस मुख्यतः चार महिन्यांत कोसळतो. पन्हळीचे तोंड मातीने बुजले, तर गच्चीचे तळे होते आणि खालच्या मजल्यावरील रहिवाशाशी भांडणही.

मिश्रण खरेदीपूर्वी एक चाचणी घरीच करता येते. दहा लिटर मिश्रण हलके दाबून भरावे, पूर्ण भिजवावे, जादा पाणी निथळू द्यावे आणि वजन करावे. त्या आकड्याला दहाने गुणल्यास १० सेंटिमीटर थराचा दर चौरस मीटरवरील भार मिळतो. तोच आकडा घेऊन संरचना अभियंत्याकडे जावे. पोती त्यानंतर वर चढवावीत.