हत्तीला वाट देणें

पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. हत्तीनें कपाळाची धडक देऊन दार फोडूं नये म्हणून त्याच्या फळ्यांवर अणकुचीदार लोखंडी खिळे ठोकले आहेत, हें लहान मुलेंहि सांगतात. परंतु आपल्या डोंगरी किल्ल्यांत याहून सूक्ष्म अशी एक युक्ति आढळते. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड लपलेला आहे; वाट वळून अगदीं जवळ आल्याखेरीज तो दृष्टीसच पडत नाहीं. शत्रूला बुरुजांवरील माऱ्याखालीं आणणें हा त्या वळणाचा एक उपयोग. दुसरा असा कीं, दारापुढें धांव घेण्यास जागाच उरत नाहीं. हत्तीचें वजन कोणालाहि कमी करतां येत नाहीं. त्याचा वेग मात्र काढून घेतां येतो.

वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकारास शास्त्रज्ञ संवेग म्हणतात. चार हजार किलोंचा हत्ती सेकंदाला सात मीटर या वेगानें धांवत आला, तर त्याचा संवेग अठ्ठावीस हजार होतो. त्याच वेगानें धांवणाऱ्या साठ किलोंच्या शिपायाचा अवघा चारशें वीस. आतां जुन्या बंदुकीची गोळी घ्या. वजन तीस ग्रॅम, वेग सेकंदाला चारशें मीटर. गुणाकार केवळ बारा! अशी गोळी समोरून अंगांत रुतली, तरी तिच्या धक्क्यानें हत्तीचा वेग सेकंदाला तीन मिलिमीटरनें घटेल. हत्ती थांबतो तो धक्क्यानें नव्हे. वेदनेनें आणि भीतीनें. आणि बिथरून तो माघारीं फिरला, म्हणजे तोच प्रचंड संवेग स्वकीयांवर उलटतो.

इ. स. पूर्वी ३२६ मध्यें झेलमच्या कांठीं पोरसाच्या सैन्याला याचा अनुभव आला. माहूत पडलेले, अंगांत भाले रुतलेले ते हत्ती आपपर न पाहतां सर्वांस तुडवूं लागले. कार्थेजच्या सेनानींनीं त्यावर एक क्रूर उपाय योजिला होता. इ. स. पूर्वी २०७ मधील मेटॉरसच्या लढाईचें वर्णन करतांना रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो कीं, माहुतांजवळ छिन्नी आणि हातोडा दिलेला असे. हत्ती अनावर झाला कीं त्याच्या मानेच्या सांध्यांत छिन्नी ठोकून त्याला जागच्या जागीं ठार करावयाचें. ज्याला लहानाचें मोठें केलें, त्याच्याच मानेवर बसून हें काम करणाऱ्या माहुताचें मन कसें असेल, याविषयीं मात्र इतिहासकार मौन पाळतात.

इ. स. पूर्वी २०२ मध्यें झामाच्या मैदानावर हॅनिबलनें ऐंशींहून अधिक हत्ती आघाडीला उभे केले. रोमन सेनापति सिपिओ यानें त्यांना अडविण्याचा विचारच सोडून दिला. एरवीं रोमन तुकड्या बुद्धिबळाच्या पटासारख्या, म्हणजे पुढच्या रांगेंतील फटीमागें दुसरी तुकडी अशा, उभ्या राहत. सिपिओनें त्या एकामागें एक सरळ लावल्या, म्हणजे सैन्याच्या आरपार मोकळ्या गल्ल्या पडल्या. त्या गल्ल्यांच्या तोंडाशीं हलके भालाईत ठेवले. रणशिंगें वाजतांच कांहीं हत्ती बिचकून हॅनिबलच्याच घोडदळावर उलटले. बाकीचे पुष्कळसे त्या गल्ल्यांतून दोहों बाजूंचे भाले सोशीत पार निघून गेले. माझ्या मतें युद्धशास्त्रांत संवेगाचा इतका अचूक विचार क्वचितच झाला असेल, आणि तोहि त्या कल्पनेला नांव नसतांना!

पंडितांना हें उमगावयास फार काळ लागला. १६४४ सालीं देकार्तनें पदार्थाचें आकारमान आणि वेग यांच्या गुणाकारास गतीचें परिमाण मानिलें; पण दिशा हिशेबांत धरली नाहीं. त्या गणितानें पुढें धांवणारा हत्ती आणि तितक्याच वेगानें मागें उलटलेला हत्ती यांत कांहींच फरक नाहीं! सिपिओच्या एखाद्या साध्या शिपायानेंहि तें कबूल केलें नसतें. १६८७ मध्यें न्यूटननें गतीचा नियम मांडला, त्यांत बल ज्या रेषेनें लागतें त्याच रेषेनें गतींत फरक पडतो, असें स्पष्ट म्हटलें.

मग हत्तीला चटकन वळतां कां येऊं नये? याचा धागा गॅलिलिओच्या १६३८ च्या ग्रंथांत सांपडतो. प्राण्याची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली तर वजन आठपट होतें, पण हाडांच्या व स्नायूंच्या आडव्या छेदाचें क्षेत्रफळ, म्हणजे पर्यायानें त्यांची शक्ति, चौपटच होते. कुत्रा पाठीशीं लागला असतां ससा एकाएकीं बाजूला वळतो आणि कुत्रा तसाच पुढें निघून जातो, तो यामुळेंच. हत्तीची तर गोष्टच वेगळी. २००३ सालीं थायलंडमधील हत्तींची चाल मोजली, तेव्हां ताशीं सुमारें पंचवीस किलोमीटर वेगांतहि त्यांचे चारी पाय एकदम जमिनीवरून सुटत नाहींत, असें दिसून आलें. उडी त्याच्या नशिबीं नाहींच.

तोफा आल्या आणि आघाडीवरील हत्तीचें महत्त्व ओसरलें. तरी त्याचें बळ वायां गेलें नाहीं. एकोणिसाव्या शतकांत हिंदुस्थानांतील इंग्रज फौजेच्या जड तोफा हत्तीच ओढीत. मात्र शत्रूच्या माऱ्याचा टप्पा जवळ आला, कीं हत्ती सोडून त्यांच्या जागीं बैल जुंपीत.