टॉलेमीच्या नकाशातले तगर

फँटसी खेळांच्या पुस्तकांत काल्पनिक नगरांचे नकाशे असतात: पिवळसर कागद, ओळीने मांडलेले डोंगर, नदीकाठी चिमुकले बुरूज. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 साली आला, पण ही चित्रशैली त्याहून फार जुनी आहे. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने गावांचे अक्षांश-रेखांश नोंदवले आणि पंधराव्या शतकात युरोपातल्या चित्रकारांनी त्यांवरून नकाशे रंगवले. त्या नोंदींत दख्खनचे तगर आहे. ते मात्र काल्पनिक नाही.

तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले, तेरणा नदीकाठचे तेर.

पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तगर पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवर सांगितले आहे. इथले जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांतून, अवघड वाटांनी भडोच बंदराला जाई. पुढे शिलाहार राजे ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद अभिमानाने मिरवत.

नंतर हे नगर नेमके कुठले, हेच विस्मरणात गेले. अभ्यासकांनी कधी देवगिरी, कधी जुन्नर सुचवले. 1901 साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेरच, अशी मांडणी केली. पांढरीच्या टेकाडांतून निघालेल्या वस्तूंनी तिला बळ दिले. इथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती तर पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीशी नाते सांगते.

तेरला लोक संत गोरोबाकाकांच्या दर्शनाला येतात. त्यांनी त्रिविक्रमाचे प्राचीन विटांचे मंदिर आणि रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयही आवर्जून पाहावे.