आधी अंगण, मग मत

आम्ही घिवलीच्या बचत गटातल्या बायका बोलतोय. मागच्या वेळी आपण सुक्या मासळीच्या हिशेबाबद्दल बोललो. आज मतांच्या हिशेबाबद्दल बोलू. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल, कारण हा हिशेब आपल्याच भागातल्या माणसांनी आपल्या आधी मांडून ठेवला आहे.

आधी आमची फजिती ऐका. मागच्या ग्रामपंचायतीला आमच्या गटातली एक जण उभी राहिली. आम्ही आमच्या आळीत घरोघर तीन तीनदा फिरलो. ज्या बायका आमच्याच होत्या, त्यांनाच पुन्हा पुन्हा भेटलो. पाड्यावर मात्र गेलो प्रचार संपायच्या आदल्या संध्याकाळी, चिन्हाचा कागद हातात घेऊन. एका आजीने बसायला गोणपाट टाकलं, पाणी दिलं आणि विचारलं, "उन्हाळ्यात आमची बोअर आटली तेव्हा कुठं होतात?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. आमची बाई पडली. पडली ती थोडक्या मतांनी, आणि तेवढी मतं त्या एका पाड्यावर होती.

त्यानंतर आम्ही त्या आजीकडे पुन्हा गेलो, या वेळी कागद न घेता. गप्पा निघाल्या तेव्हा कळलं की एकाच तालुक्यात राहून आम्ही दोन वेगळे इतिहास सांगत आलोय. आम्ही किनाऱ्यावरच्या बायका १९४२ सांगतो. त्या वर्षी १४ ऑगस्टला पालघरच्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. सातपाटी, मुरबे, नांदगाव अशा वेगवेगळ्या गावची ती माणसं. पालघरचा हुतात्मा चौक आपण बाजाराला जाताना रोज पाहतो. पाड्यावरची आजी मात्र १९४५ सांगत होती. आम्हाला ते धड माहीत नव्हतं, आणि तिला आमचं माहीत नव्हतं.

तर १९४५ ऐका. त्या काळी डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांत वारली माणूस जमीनदाराच्या घरी फुकट राबायचा. याला वेठ म्हणत. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघंही सावकाराचे बांधील. त्याला नावच होतं, लग्नगडी. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन भरलं. तिथे माह्या धांगडा आणि त्याच्यासोबत काही वारली गेले. आपलं गाऱ्हाणं भर सभेत बोलले. मे महिन्यात झरी गावात वारल्यांची परिषद भरली. आलेल्यांची संख्या हजारांत होती. तिथे ठरलं की वेठ करायची नाही, आणि दिवसाची मजुरी बारा आणे घ्यायची. पुढे गवत कापणीचा संप झाला. त्याची मागणी होती पाचशे रतल गवताला अडीच रुपये. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. तरी लोक मागे फिरले नाहीत, आणि वेठ मोडली.

या कामात गोदावरी परुळेकर होत्या. पुण्याच्या, कायदा शिकलेल्या बाई. वारल्यांच्या झोपड्यांत राहिल्या, पाड्यापाड्यावर पायी फिरल्या, लोकांची बोली ऐकून घेतली. पुढे त्यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक लिहिलं आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आम्हाला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तेव्हा त्या वारल्यांकडे मत मागायला कोणी गेलं नव्हतं, सगळ्यांना मताचा अधिकारही नव्हता. आधी अंगणात बसणं झालं, मजुरीची गोष्ट झाली. मत नंतर आलं.

ते कसं आलं, हे १९५७ सांगतं. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. मुंबईसह मराठी राज्य, ही एकच मागणी. त्या मागणीसाठी समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे लोक, असे एकमेकांशी एरवी भांडणारे एका मांडवात आले. पुढच्या वर्षी लोकसभेची निवडणूक झाली. आपल्या ठाणे मतदारसंघातून तेव्हा दोन खासदार निवडायचे होते, त्यांतली एक जागा आदिवासींसाठी राखीव. प्रत्येकाला दोन मतं, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. समितीच्या बाजूने शामराव परुळेकर आणि लक्ष्मण मातेरा हे दोघेही निवडून आले. शामराव म्हणजे गोदावरीबाईंचे पती आणि वारल्यांच्या लढ्यातले साथी. एवढ्या मोठ्या मतदारसंघात दोन्ही जागा नुसत्या एका जमातीच्या किंवा नुसत्या एका गावच्या मतांवर निघत नाहीत.

आम्ही इथे कुठल्या पक्षाची जाहिरात करत नाही. आम्हाला त्यातला हिशेब हवा आहे, आणि त्याची दुसरी बाजूही. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, मागणी पुरी झाली आणि समिती फुटली. १९६२ ला ठाण्याची जागा दुसऱ्यांकडे गेली. एका मागणीवर बांधलेली मोट ती मागणी पुरी झाली की सुटते. म्हणून पहिलं काम झालं की दुसरं कोणाचं, हे आधीच ठरवून ठेवावं लागतं.

बायकांचं म्हणाल, तर आरक्षण नव्हतं तेव्हाही बायका जिंकल्या आहेत. शेतकरी संघटनेचा बायकांचा मोठा मेळावा १९८६ ला चांदवडला झाला. त्यानंतर १९८९ ला जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरमध्ये सगळी ग्रामपंचायत बायकांची निवडून आली. पुरुषांची मतं मिळाल्याशिवाय ते होत नाही. पुढे १९९० ला राज्यात ३० टक्के जागा राखीव झाल्या, घटनादुरुस्तीनंतर एक तृतीयांश, आणि २०११ पासून निम्म्या. आता जागा कायद्याने मिळते. पण त्या जागेवर बसलेली बाई कोणाची, एका आळीची की सगळ्या गावाची, हे कायदा ठरवत नाही.

आजचा हिशेब असा. पंचायतीत ७ ते १७ सदस्य. एका वॉर्डातून दोन किंवा तीन निवडायचे, म्हणून आपल्यालाही दोन-तीन बटणं दाबायची असतात. १९५७ सारखंच. आपल्या आळीची बाई आणि पाड्यावरची बाई एकाच पॅनेलमध्ये असतील, तर दोघींना दोन्हीकडची मतं मिळू शकतात. शिवाय सरपंच थेट गावाने निवडायचा. ही पद्धत २०१७ ला आली, २०२० ला गेली, २०२२ ला परत आली. म्हणजे एका वॉर्डाच्या जिवावर सरपंच होता येत नाही. आणि आपल्या भागात आता तारापूरच्या कारखान्यांत कामाला आलेली, चाळीत राहणारी कुटुंबंही आहेत. त्यांतल्या कितीतरी बायकांचं नाव मतदार यादीत आहे, पण त्यांच्या दारात कोणी बसत नाही.

आम्ही आता काय करतोय ते सांगतो. दर महिन्याची बैठक एकदा आमच्या आळीत, एकदा पाड्यावर, एकदा चाळीत. ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यावी लागते, तिथे तिन्हीकडच्या बायका एकत्र जातो. पहिला विषय पाड्यावरच्या बोअरचा धरला. त्यात आमचा काही फायदा नव्हता. आमच्यातल्याच काही जणी कुरकुरल्या, "आपल्या मासळी सुकवायच्या ओट्यांचं काय?" मग पुढच्या सभेत ओट्यांचा विषय पाड्यावरच्या त्याच आजीने उठून मांडला. तिने आयुष्यात कधी बोंबील सुकत घातले नव्हते. सभेत आमचे पुरुष गप्प होऊन ऐकत होते. त्या दिवशी आम्ही सगळ्या एकाच वाटेने चालत घरी आलो.

पुढची निवडणूक आम्ही जिंकू की नाही, सांगता येत नाही. पण या वेळी कोणी "कुठं होतात?" विचारलं, तर सांगायला उत्तर आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात तुम्ही कधीच ज्या अंगणात बसला नाहीत, ते कुठलं? या आठवड्यात तिथे जाऊन या. कागद नेऊ नका.