गुरूचे रेडिओ उद्रेक

गुरू ग्रहाकडून अधूनमधून येणाऱ्या तीव्र रेडिओलहरी. त्यांची वारंवारता सुमारे ४० मेगाहर्ट्झच्या वर जात नाही. १० मेगाहर्ट्झखालच्या लहरी पृथ्वीचे आयनांबर बहुधा अडवते.

१९५५ मध्ये अमेरिकेतील मेरिलंड येथे बर्नार्ड बर्क व केनेथ फ्रँकलिन २२.२ मेगाहर्ट्झवर क्रॅब तेजोमेघ न्याहाळत होते. नोंदींत मध्येच उमटणारा खरखराट आधी त्यांना आसपासच्या मोटारीचा वाटला. पण त्याची जागा आकाशात गुरूबरोबर सरकताना आढळली. मग ऑस्ट्रेलियात शेन यांनी १९५०-५१ च्या जुन्या नोंदी चाळल्या, तर तेथेही गुरू होताच.

गुरूच्या चुंबकीय क्षेत्ररेषांभोवती गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन हे या लहरींचे मूळ (सायक्लोट्रॉन मेसर क्रिया). क्षेत्र जितके बलवान तितकी वारंवारता जास्त, दर गाऊसला २.८ मेगाहर्ट्झ. त्यामुळे ४० मेगाहर्ट्झची मर्यादा सुमारे १४ गाऊसचे क्षेत्र दाखवते. पृथ्वीचे अर्ध्या गाऊसच्या आसपास आहे. यान पाठवण्याआधी घरबसल्या मिळालेले हे मोजमाप विशेष म्हटले पाहिजे. लहरी पोकळ शंकूच्या आकारात फेकल्या जातात, म्हणून त्या ठरावीक स्थितीतच पृथ्वीवर पोहोचतात. त्यात आयो या उपग्रहाचा मोठा हात आहे, हे बिग यांनी १९६४ मध्ये दाखवले. ४२.५ तासांत प्रदक्षिणा करणारा आयो क्षेत्ररेषा कापत जातो आणि त्यातून निर्माण होणारा प्रवाह गुरूच्या ध्रुवप्रदेशाकडे वाहतो. काही सेकंद टिकणारे उद्रेक समुद्राच्या गाजेसारखे ऐकू येतात. मिलिसेकंदांचे नुसते तडतडतात.

जुन्नर तालुक्यातील खोडदची जीएमआरटी दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या असूनही, हे उद्रेक ऐकू शकत नाही. तिचा पट्टा १०० मेगाहर्ट्झच्या वर सुरू होतो. तिने टिपले ते गुरूच्या प्रारणपट्ट्यांतील सिंक्रोट्रॉन उत्सर्जन, म्हणजे सतत चालणारी निराळीच गोष्ट. टाऊ बूटिस या ताऱ्याच्या महाग्रहाचे उद्रेकही तिच्यावर १५० मेगाहर्ट्झला शोधले गेले, सापडले नाहीत.

उलट २० मेगाहर्ट्झवर सुमारे सात मीटर तारेचा डायपोल आणि साधा ग्राहक पुरतो. नासाच्या ‘रेडिओ जोव्ह’ उपक्रमातील हौशी निरीक्षक हेच वापरतात. राजापूरसारख्या तालुक्यात, वीजवाहिन्यांपासून दूरच्या सड्यावर, गुरू रात्री माथ्याजवळ असताना ते जमण्यासारखे आहे. वळीव आणि परतीच्या पावसाचे दिवस मात्र टाळावेत: विजांची खरखर याच वारंवारतांवर येते. शिवाय उद्रेक ठरावीक स्थितीतच पोहोचतात, म्हणून आयोची अनुकूल वेळ आधी काढून ठेवावी लागते.