पूर्वरंगातील वाद्यसिद्धता
प्राचीन भारतीय नाट्यप्रयोगात नाटकास प्रत्यक्ष आरंभ होण्यापूर्वी गायक-वादकांनी करावयाची विधियुक्त पूर्वतयारी. मराठीत ‘पूर्वरंग’ ही संज्ञा कीर्तनाच्या पहिल्या भागासाठी रूढ आहे. नाट्यशास्त्रात मात्र ती नाटकापूर्वीच्या समग्र विधीस लावली जाते. भरताच्या नाट्यशास्त्राच्या (इ. स. पू. सु. २०० ते इ. स. सु. २००) पाचव्या अध्यायात तिचे सविस्तर विवेचन आढळते.

गायक-वादकांच्या वृंदास भरताने ‘कुतप’ म्हटले आहे. गायक, वीणावादक व वेणुवादक यांचा तत-कुतप, तर मृदंग, पणव व दर्दुर वाजविणाऱ्यांचा अवनद्ध-कुतप होय. पूर्वरंगाची पहिली नऊ अंगे पडद्याआड पार पाडावयाची असत. प्रत्याहारात वाद्ये यथास्थान मांडली जात आणि अवतरणात गायक आपापल्या जागी बसत. आरंभात कंठ मोकळा करण्यासाठी आलापीचा अभ्यास होई. आश्रावणेत वाद्ये जुळविली जात. वक्त्रपाणीत वादनाच्या निरनिराळ्या पद्धतींची उजळणी होई. परिघट्टनेत तारा छेडून पाहात, तर संघोटनेत चर्मवाद्यांवरील हाताचे आघात घोटले जात. त्यानंतर मार्गासारितात तंतुवाद्ये व चर्मवाद्ये एकत्र वाजत आणि आसारितात तालाच्या कला व पात यांचे विभाग निश्चित होत. एकेका वर्गाची तयारी आधी व सर्वांचा मेळ नंतर, हा क्रम येथे स्पष्ट दिसतो.

या तयारीतील शब्दविरहित वादनास ‘निर्गीत’ असे नाव आहे. त्यासंबंधी भरताने एक कथा दिली आहे. नारदादींनी सादर केलेल्या निर्गीताने दैत्य व राक्षस प्रसन्न झाले. देवांना ते सहन न होऊन त्यांनी ते बंद करण्याची मागणी केली. नारदाने ती मानली नाही. निर्गीतात रमलेले दैत्य प्रयोगात विघ्न आणणार नाहीत, असे त्याने सांगितले. देवांनी त्यास ‘बहिर्गीत’ असे नाव दिले.

ही अंगे केवळ देवतातोषणासाठी होती की वादकांच्या व्यावहारिक गरजेतून निर्माण झाली, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. मूळ ग्रंथात दोन्ही प्रयोजने शेजारीशेजारी आहेत; तथापि अंगांचा क्रम पाहता व्यवहार हाच पाया असून धर्मविधीने त्यास सातत्य दिले, असे म्हणता येते. पूर्वरंगातील गीत, वाद्य व नृत्त यांचा अतिरेक झाल्यास प्रयोक्ते व प्रेक्षक दोघेही थकतात आणि रसप्रतीती स्पष्ट होत नाही, असा इशाराही भरताने दिला आहे.

पडदा दूर झाल्यावर होणाऱ्या अंगांपैकी नांदी मराठी संगीत नाटकाने स्वीकारली. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या संगीत शाकुंतल (१८८०) या नाटकापासून ती विशेष लोकप्रिय झाली. पडद्याआडच्या नऊ अंगांची नावे मात्र रंगभूमीच्या व्यवहारातून लोपली. वाद्ये जुळविण्याची मूळ गरज तेवढी टिकून राहिली.