झिरपणारा माठ, न झिरपणारी बरणी

चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हाळ्यात घरातल्या दोन भांड्यांकडून परस्परविरुद्ध अपेक्षा असतात. माठ झिरपला पाहिजे. त्याशिवाय पाणी गार होत नाही. लोणच्याची बरणी मात्र झिरपता कामा नये, कारण खार साध्या भाजक्या मातीत मुरतो आणि भांडे पोखरतो. पहिली गरज गावच्या कुंभाराने भागवली. दुसरीचे एक उत्तम उत्तर म्हणजे काचेसारखी झिलई चढवलेले चिनी भांडे. ते समुद्रमार्गे आले.

या आगमनाची खूण भाषेत उरली आहे. ‘चिनी माती’ म्हणताना आपण मातीलाच देशाचे नाव देतो. हिंदी-उर्दूतील ‘मर्तबान’ हा शब्द तर ब्रह्मदेशातील मर्तबान (आजचे मोत्तमा) या बंदरावरून आला. तेथून चढवली जाणारी बरीच मोठी भांडी दक्षिण चीनमध्ये घडलेली असत. नाव मात्र चिकटले ते बंदराचे.

इब्न बतूताने दौलताबाद पाहिले आणि मराठ्यांविषयीही लिहिले. पुढे चीनच्या वाटेवर एका राजकन्येने त्याला चार मर्तबान भेट दिले. त्यांत जलप्रवासासाठी खारवलेले आले, मिरी, लिंबू आणि आंबे होते. १३५५ मध्ये पूर्ण झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनातील हा तपशील आपल्या स्वयंपाकघराच्या किती जवळचा आहे!

हा व्यापार त्याहूनही जुना. इंडोनेशियातील बेलितुंग बेटाजवळ १९९८ मध्ये सापडलेल्या नवव्या शतकातील बुडित गलबतात सुमारे ६०,००० चिनी भांडी होती. त्यांतील पुष्कळ वाडगे झिलईच्या मोठ्या रांजणांत रचलेले होते. म्हणजे रांजण हा माल नव्हता, मालाचे वेष्टन होता. आपल्या किनाऱ्यावर चौलसारख्या जुन्या बंदरातही चिनी खापरे मिळाली आहेत.

येथेच इतिहासलेखनाचा एक प्रश्न उभा राहतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील टाटा संग्रहात चिनी कलावस्तू जपल्या गेल्या. त्या सुंदर होत्या म्हणून. खार साठवणारे जाड, ओबडधोबड भांडे मात्र वापरात झिजले, फुटले, उकिरड्यावर गेले. सौंदर्य हाच जतनाचा निकष ठरला की श्रम आणि उपयोग यांचा इतिहास निसटतो. तो मग खापरांत, प्रवासवर्णनांत आणि शब्दांत शोधावा लागतो. साहित्याच्या अभ्यासकाला हे काम परके वाटण्याचे कारण नाही.