बेटावर म्हातारे झालेले मिशनरी

सप्टेंबर 1819 मध्ये कनेटिकटमधल्या गोशेन गावी हायरम बिंगहॅम नावाच्या तरुणाला धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. त्याच समारंभात त्याची सिबिल मोझली या शिक्षिकेशी पहिली भेट झाली. दोन आठवड्यांच्या आत दोघांचे लग्न झाले आणि 23 ऑक्टोबरला ती दोघे बोस्टनहून ‘थॅडियस’ जहाजाने हवाईला निघाली. सोबत एसा आणि लूसी थर्स्टन हे दुसरे नवे जोडपे होते. त्यांचेही लग्न अशाच घाईत उरकलेले. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून हवाईचे डोंगर दिसायला पाच महिन्यांहून अधिक लागले. नवराबायकोची खरी ओळख झाली ती जहाजातच.

ही घाई प्रेमातली नव्हती, नियमातली होती. बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाला दूरदेशी शक्यतो विवाहित माणूसच पाठवायचा असे. मुंबई आणि अहमदनगरचे अमेरिकन मराठी मिशन चालवणारे बोर्ड ते हेच. बोर्डाच्या हिशेबी बायको म्हणजे बिनपगारी शिक्षिका, परिचारिका आणि ‘ख्रिस्ती घर’ कसे असते याचा चालताबोलता नमुना. एकट्या बाईला परवानगी क्वचितच मिळे. जन्माने गुलाम असलेली बेट्सी स्टॉकटन 1823 मध्ये अविवाहित हवाईला पोचली आणि लाहायनात तिने सामान्य रयतेसाठी शाळा काढली. चार वर्षांनी सिंथिया फरार एकटीच मुंबईत उतरली. पुढे सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचे धडे गिरवले ते नगरला याच फरारबाईंकडे.

जोडपी पाठवायची हे ठरले होते. ती तिथेच म्हातारी झाली तर काय करायचे, याचा विचार मात्र फारसा कुणी केलेला नव्हता.

डेव्हिड आणि सारा लायमन यांच्या घरात हा प्रश्न जवळून दिसतो. नोव्हेंबर 1831 मध्ये लग्न करून त्याच महिन्यात जहाजात बसलेले हे दांपत्य मे 1832 मध्ये होनोलुलूला पोचले आणि तिथून ‘बिग आयलंड’च्या पावसाळी किनाऱ्यावर, हिलोला गेले. तिथेच त्यांची पन्नासहून अधिक वर्षे गेली. डेव्हिडने 1836 मध्ये मुलांसाठी निवासी शाळा काढली. मुले शिकत आणि शेतात राबून आपल्या जेवणाचा खर्च भागवत. 1839 मध्ये या कुटुंबाने न्यू इंग्लंडच्या धाटणीचे घर बांधले, पण लाकूड बेटावरचेच, ओहिया आणि कोआ, आणि सुरुवातीला छप्परही गवती. गावात हॉटेल नव्हते, त्यामुळे जहाजांचे कप्तान, शास्त्रज्ञ, राजघराण्यातली माणसे, सगळ्यांची ऊठबस या घरी.

साराबाईंनी आणखी एक काम अंगावर घेतले होते. बोर्डाने ते सांगितले नव्हते. 1833 पासून त्या भूकंपांची नोंद ठेवू लागल्या: कधी झाला, किती जोराचा, घरात काय हलले, काय पडले. 2 एप्रिल 1868 रोजी दुपारी बेटाचा दक्षिण भाग हादरला. दरड कोसळून 31 माणसे गाडली गेली, समुद्राच्या लाटेने चाळीसहून अधिक ओढून नेली. हिलोतल्या दगडी भिंती ढासळल्या. त्या दिवसाचीही नोंद वहीत आहे. साराबाई गेल्यावर घरच्यांनी ही वही 1917 पर्यंत चालू ठेवली आणि भूकंपमापक यंत्रे यायच्या आधीचा हवाईचा भूकंप-इतिहास लिहिताना शास्त्रज्ञ आजही तिचा आधार घेतात.

सुरुवातीची वीस वर्षे मिशनऱ्यांना पगार नव्हता. होनोलुलूच्या सामायिक कोठारातून पीठ, कापड, बूट जे येईल ते वाटून घ्यायचे. मुले वाढली की चिंता सुरू होई. लूसी थर्स्टनने तर आपल्या मुलांसाठी अंगणाला कुंपणच घातले. स्थानिक मुलांशी त्यांनी बोलू नये, भाषाही शिकू नये, अशी सक्त ताकीद होती. कुणी सहा-सात वर्षांची पोरे अमेरिकेला आजोळी धाडली आणि ती पुन्हा कधी पाहिली नाहीत. 1841 मध्ये मिशनऱ्यांच्या मुलांसाठी होनोलुलूत पुनाहोउ शाळा निघाली तेव्हा ही ताटातूट कमी झाली. कुटुंबे परत फिरू लागल्यावर बोर्डाने 1848-49 च्या सुमारास जमिनी आणि गुरे बाळगायची मोकळीक दिली. म्हातारपणाची तजवीज ती हीच.

या धोरणामागचे डोके म्हणजे बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन. 1854-55 मध्ये ते पश्चिम भारतात येऊन गेले आणि मराठी मिशनने इंग्रजी शाळा आवराव्यात, मराठीतून शिकवावे, गावोगाव देशी पाळक नेमावेत, असा आग्रह धरून गेले. 1863 मध्ये ते हवाईत पोचले आणि तिथली चर्चेसही हवाईयन पाळकांच्या हाती देऊन बोर्डाने आपले काम संपल्याचे जाहीर केले. लायमन तेव्हा साठीला आले होते. ते राहिले, शाळाही राहिली.

शरीराचे हाल वेगळेच. सप्टेंबर 1855 मध्ये साठीच्या उंबरठ्यावरच्या लूसी थर्स्टनच्या स्तनातली गाठ होनोलुलूत काढली. क्लोरोफॉर्म न देता, खुर्चीत बसवून, सुमारे दीड तास. पुढच्या महिन्यात तिने मुलीला पत्र लिहून हे सगळे बारकाव्यांसकट कळवले. त्यानंतर ती 21 वर्षे जगली.

पण ज्यांच्यासाठी ही माणसे आली होती ती माणसे डोळ्यांदेखत कमी होत गेली. लायमन आले त्या 1832 मधल्या मोजणीत हवाईची लोकसंख्या सुमारे 1 लाख 30 हजार होती. 1884 च्या शिरगणतीत अस्सल हवाईयन 40 हजार उरले. गोवर, डांग्या खोकला, देवी यांनी घात केला आणि हे रोग बाहेरून येणाऱ्या जहाजांतूनच आले होते.

श्रद्धाही पूर्ण बदलली होती असे नाही. 1881 मध्ये मौना लोआ ज्वालामुखीचा लाव्हा हिलोच्या वेशीशी आला. चर्चमध्ये प्रार्थना चालू होत्या. लोकांनी मात्र ख्रिस्ती न झालेल्या राजकन्या रूथ केलिकोलानींना बोलावून आणले. त्यांनी ज्वालामुखीची देवी पेले हिला ब्रँडी आणि लाल रेशमी रुमाल वाहिले. लाव्हा थांबला. गावाने श्रेय कुणाला दिले असेल ते सत्तरी ओलांडलेल्या लायमन दांपत्याला विचारायची गरज नव्हती.

डेव्हिड 1884 मध्ये आणि सारा 1885 मध्ये वारले. पुढच्या पिढ्यांच्या वाटा फुटल्या. लूसी थर्स्टनचा नातू लॉरिन थर्स्टन 1893 मध्ये राणी लिलिउओकलानीला पदच्युत करणाऱ्यांचा म्होरक्या ठरला. लायमनांच्या एका मुलाचे नाव बोर्डाच्या चिटणिसांवरून रूफस अँडरसन ठेवले होते. त्याने हवाईयन-चिनी वंशाच्या रिबेका हुआलानीशी संसार थाटला आणि लायमन हे आडनाव हिलोच्या परिसरातल्या हवाईयन घरांत आजही लावले जाते.